वाढपी कुणाचा?

समजा, शिरूरजवळ तुमची पिठाची गिरणी आहे. महिन्याला साडेतीन-चार हजारांचं वीजबिल येतं. एका पावसाळ्यात मीटर वाचायला कुणी फिरकत नाही, तीन महिने 'सरासरी'ची बिलं येतात आणि चौथ्या महिन्यात एकदम ४१,००० रुपयांचा कागद हातात पडतो. तुम्ही उपविभागात खेटे घालता. साहेब दौऱ्यावर असतात, कारकून म्हणतो, "सिस्टिमनंच काढलंय, मी काय करू?" मग कुणी जाणता सांगतो, की ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा, तिथं कंपनीविरुद्ध दाद मागता येते.

तुम्ही पत्ता शोधत जाता आणि बघता तर काय, फाटक वीज कंपनीचं, इमारत कंपनीची, जिन्याखाली जुन्या मीटरांचा ढीगही कंपनीचाच. मंचाची पाटी दुसऱ्या मजल्यावर. तुमच्या अर्जावर शिक्का मारणारा माणूस सकाळी कंपनीच्याच मस्टरवर सही करून आलेला. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्यांच्याच ओसरीवर बसून ते सांगायचं. कुंपणानं शेत खाल्ल्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते. गिरणीवाल्याला ती जिन्यातच आठवते.

त्याची शंका रास्त आहे, फक्त त्याची नजर चुकीच्या खुर्चीवर आहे. तो अध्यक्षांकडे बघतो आहे. बघायला हवं ते दाराजवळच्या टेबलाकडे, जिथं आवक नोंदवही उघडी पडलेली असते.

### हा मंच आला कुठून?

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२(५) नुसार वीज वितरण करणाऱ्या प्रत्येक परवानाधारकानं ग्राहकांसाठी गाऱ्हाणे निवारण मंच उभारायलाच हवा. त्याचे नियम राज्याचा विद्युत नियामक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात २००६ च्या विनियमांनी मंचाची घडण अशी ठरवली: न्यायखात्यातून किंवा प्रशासनातून निवृत्त झालेल्यांसारखा बाहेरचा अध्यक्ष, कंपनीच्या सेवेतला कार्यकारी अभियंत्याच्या दर्जाचा तांत्रिक सदस्य आणि ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी. २०२० मध्ये विनियम नवे आले. मंचाच्या निकालावर समाधान झालं नाही, तर त्याच कलमाच्या पुढच्या उपकलमानुसार विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

या तिघांतला तांत्रिक सदस्य बहुधा 'सदस्य सचिव' असतो. म्हणजे निवाडा करायला तोही बसतो आणि मंचाचं दप्तरही त्याच्याच हाती. त्याच्या हाताखालचा लेखनिक, शिपाई, संगणक, टपालाची तिकिटं, कागदाचं रीम, सगळं कंपनीकडून. सरकारी भाषेत याला 'सचिवालयीन साहाय्य' म्हणतात. शब्द इतका रटाळ आहे, की वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरून पुढं जातो. सगळी मेख नेमकी तिथंच आहे.

कंपनीनंच का पुरवायचं हे सगळं? साधं कारण म्हणजे कुणीतरी पुरवायलाच हवं. गिरणीवाल्याकडून मोठं शुल्क घ्यायचं म्हटलं, तर तो येणारच नाही. सरकारनं द्यायचं म्हटलं, तर दरवर्षी तरतुदीची वाट बघावी लागेल. तेव्हा ज्याच्यामुळं गाऱ्हाणी उपजतात त्यानंच निवारणाचा खर्च उचलावा, हे सूत्र सोयीचं पडलं. शिवाय कंपनीचा मान्य खर्च पुढं वीजदरात धरला जातो. म्हणजे त्या लेखनिकाचा पगार फिरून फिरून गिरणीवाल्याच्याच खिशातून जातो. फक्त पाकिटावर नाव कंपनीचं असतं.

ही रचना विजेपुरतीच नाही. रेशन दुकानांवर नजर ठेवायला अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ नं राज्यापासून दुकानापर्यंत दक्षता समित्या सांगितल्या, पण कागद पुरवठा खात्याकडे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधल्या जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. वर्षाला किमान दोन बैठका व्हायला हव्यात, पण त्या बोलवायच्या म्हणजे कुणीतरी कारकुनानं पत्रं टंकायला हवीत. समिती कुठलीही घ्या, एक टेबल दाराजवळ असतंच.

### अर्जाचा प्रवास

आपल्याकडे म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसा. मंचाची पंगत तशीच आहे. मुख्य पाटावर अध्यक्ष बसतात हे खरं, पण पानात काय पडणार, गरम पडणार की गार, आणि जिलबीचं ताट आपल्यापर्यंत येईतो उरणार का, हे वाढप्याच्या हातात. गिरणीवाल्याच्या अर्जाबरोबर आपण चालत जाऊ.

पहिला टप्पा पोच. अर्ज दिला, त्यावर शिक्का पडला, तारीख पडली, आवक क्रमांक पडला. एवढ्याशा गोष्टीत काय आहे? बरंच आहे. गाऱ्हाण्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे यावं लागतं, नंतर आलेलं गाऱ्हाणं मंच दाखलच करून घेत नाही. मंचाला निकाल द्यायची मुदतही अर्जाच्या तारखेपासून मोजायची. एखाद्या लेखनिकानं "उद्या या, साहेबांना विचारून घेतो" म्हटलं, तर त्यानं काही नाकारलेलं नसतं. त्यानं फक्त घड्याळाला चावी दिलेली नसते. नाकारल्याचा कागद असता तर त्याविरुद्ध दाद मागता आली असती. 'उद्या या'चा कागद नसतो.

दुसरा टप्पा गठ्ठ्याचा. अर्जाची प्रत कंपनीच्या संबंधित कार्यालयाकडे जाते, उत्तर मागवलं जातं. त्या उत्तरासोबत काय काय जोडायला सांगायचं? ग्राहकाच्या खात्याचा उतारा, ज्याला सगळे 'सीपीएल' म्हणतात, त्यात महिन्यागणिक रीडिंग, युनिटं, भरणा सगळं दिसतं. मीटर तपासणीचा अहवाल. जागेवर जाऊन केलेल्या पाहणीचा कागद. सचिवानं हे नाव घेऊन मागितलं, तर गठ्ठा भरीव होतो. "आपला अहवाल सादर करावा" एवढंच लिहिलं, तर दीड पानी खुलासा येतो. सदस्यांना गठ्ठ्याबाहेरचं काहीच दिसत नाही. जे मागवलंच नाही, ते त्यांच्या लेखी घडलेलं नसतं.

गठ्ठ्याच्या वर टिपणी असते, प्रकरणाचा गोषवारा. पंधरा प्रकरणं एका दिवशी असली की सदस्य आधी टिपणी वाचतात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तेवढीच वाचतात. आता ही दोन वाक्यं बघा. 'ग्राहकाकडे ४१,००० रुपये थकबाकी असून त्यांनी ती माफ करण्याची विनंती केली आहे.' आणि 'तीन महिने मीटर वाचन न झाल्यानंतर आकारलेल्या ४१,००० रुपयांच्या बिलावर ग्राहकानं हरकत घेतली आहे.' खोटं कुठल्याच वाक्यात नाही. पण पहिल्यात गिरणीवाला बुडव्या आहे आणि दुसऱ्यात कंपनीला काही विचारायचं आहे. सुनावणी सुरू व्हायच्या आधीच पारडं थोडं कललं, आणि कलवणाऱ्याला कदाचित त्याचा पत्ताही नाही. तो वर्षानुवर्षं ज्या कार्यालयात वाढला, तिथं न भरलेल्या बिलाला थकबाकीच म्हणतात.

तारखेबद्दल फार लिहीत नाही. नोटीस सुनावणीच्या आदल्या दिवशी पोचली, किंवा ऐन पेरणीत तारीख पडली, तर काय होतं हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

### 'सविस्तर चर्चा झाली'

खरी गंमत इतिवृत्तात आहे. माझ्या मते समित्यांच्या मराठीतलं सर्वांत महाग वाक्य म्हणजे 'या विषयावर सविस्तर चर्चा झाली.' त्याचंच धाकटं भावंड म्हणजे 'नोंद घेण्यात आली.' कर्मणी प्रयोगानं मराठी प्रशासनाची जेवढी सेवा केली आहे तेवढी कुठल्याही अधिकाऱ्यानं केली नसेल. कुणी काय विचारलं, कुणी उत्तर टाळलं, पुढच्या खेपेला काय आणायचं कबूल केलं, हे सगळं त्या एका वाक्यात विरघळून जातं.

समजा, सुनावणीत ग्राहक प्रतिनिधीनं विचारलं, "त्या तीन महिन्यांत रीडिंग का घेतलं नाही?" कंपनीतर्फे आलेले अभियंते म्हणाले, "माणूस कमी होता." हे वाक्य फार मोलाचं आहे. ती कबुली आहे. रोजनाम्यात ती शब्दशः आली, तर पुढं लोकपालासमोर कामी येईल. पण रोजनाम्यात आलं, 'दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घेतलं.' हेही खरंच आहे, कारण ऐकून तर घेतलंच होतं.

याला उपाय काय? क्रिकेटमध्ये तो फार जुना आहे. नियमांनुसार स्कोअरर दोन असतात. धावा, बळी, षटकं दोघं आपापल्या वहीत लिहितात, आणि वारंवार एकमेकांशी नोंदी ताडून पाहायच्या हे नियमातच घातलेलं आहे. एखादी धाव इकडची तिकडं झाली तर ती त्याच षटकात सापडते, सामना संपल्यावर नव्हे. समितीच्या बाबतीत दुसरा स्कोअरर म्हणजे ग्राहक प्रतिनिधी. त्यानं आपल्या वहीत लिहावं, आणि मसुदा सही होण्याआधी दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. यातलं अवघड काम लिहिण्याचं नाही. संध्याकाळी सहा वाजता सगळे पिशव्या उचलत असताना "थांबा, एक वाक्य राहिलंय" म्हणायचं, ते अवघड.

### पाटील, कुलकर्णी आणि १९१८

दप्तर कुणाच्या हातात, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. गावात मान पाटलाचा, पण दप्तर कुलकर्ण्याचं. कुणाची किती जमीन, कुणाचा किती सारा, कुणी भरला आणि कुणाचा राहिला, हे कुलकर्णी लिहील ते. आणि वतन वंशपरंपरेचं, तेव्हा लेखणीही बापाकडून मुलाकडे. निरक्षर कुणब्याला आपल्या नावापुढं काय लिहिलंय हे कळायचा मार्ग नव्हता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या लेखणीच्या सत्तेवर आसूड ओढला तो उगाच नव्हे.

१९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं बरखास्त केली आणि पगारी तलाठी नेमले. पाटील निवडून आणता आला असता, न्यायाधीश बदलता आला असता. महाराजांनी हात घातला तो दप्तरात. नोंद ठेवणारा कुणाचा बांधील आहे हे बदललं, की नोंदीचा कल बदलू शकतो, हे त्यामागचं गणित. तलाठी आला म्हणून शेतकऱ्याचे खेटे संपले असं कुणी म्हणणार नाही. पण तलाठ्याची बदली करता येते, चौकशी लावता येते. वतनाची बदली होत नाही.

### इंग्रजांच्या पाण्याची गोष्ट

हाच पेच इंग्लंडमध्ये पाण्यावरून पडला. १९८९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या पाणी कंपन्या खासगी झाल्या, त्यांच्यावर 'ऑफवॉट' नावाचा नियामक बसला, आणि ग्राहकांची बाजू मांडायला विभागवार दहा समित्या आल्या. त्या समित्यांचं कार्यालयीन काम नियामकाचेच कर्मचारी बघत. म्हणजे आपल्याइतकं अवघडलेलं नाही, कंपनीचा माणूस दप्तर सांभाळत नव्हता. तरी अडचण उरतेच, कारण ग्राहकाला कधी कधी नियामकाविरुद्धच बोलायचं असतं. दरवाढ मंजूर करतो तो नियामक. त्याच्यावर टीका करणारं पत्र त्याच्याच कर्मचाऱ्यानं टंकायचं, तर पत्रातलं एखादं विशेषण गळतं. २००२ मध्ये समित्यांचं 'वॉटरव्हॉइस' असं बारसं झालं, पण घर तेच राहिलं. शेवटी २००५ मध्ये कायद्यानं वेगळी ग्राहक परिषद स्थापन झाली. स्वतःचं कार्यालय, स्वतःची माणसं.

तेव्हा गोष्ट संपायला हवी होती. पण २०११ मध्ये ऑफवॉटनं दर ठरवण्याच्या पुढच्या फेरीसाठी प्रत्येक कंपनीला सांगितलं, की ग्राहकांचा एक गट बसवा, जो तुमच्या योजनेला अडचणीचे प्रश्न विचारेल आणि आपला अहवाल आम्हाला देईल. अध्यक्ष बाहेरचा, खर्च कंपनीचा. घरातून बाहेर काढलेला पाहुणा पुन्हा ओसरीवर आला.

याहून मला आवडतो तो इंग्लंडच्याच वकिली सेवांवरच्या ग्राहक मंडळाचा नमुना. २००७ च्या कायद्यानं ते नेमलं. वकिली करणाऱ्याला त्याचं सदस्य होता येत नाही. गंमत अशी की कार्यालय आणि कर्मचारी नियामक मंडळच पुरवतं, म्हणजे दप्तर घरातच. मग राखण कशी? कायद्यानं एक कडी घातली आहे. ग्राहक मंडळानं काही सुचवलं आणि नियामकाला ते पटलं नाही, तर का पटलं नाही हे नियामकानं कारणांसह लेखी कळवायचं. 'नोंद घेण्यात आली' म्हणून सुटका नाही. वाढपी यजमानाचाच ठेवला, पण रिकामं पान पुढं सरकवायची सोय बंद केली.

### घरचा माणूस असण्याचा फायदा

मग आपल्या मंचातून कंपनीच्या माणसाला उठवून एखादा बाहेरचा कारकून बसवावा का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण गिरणीवाल्याचं प्रकरण पुन्हा बघा. त्याला हवी ती माहिती कंपनीच्या पोटात आहे. कुठल्या महिन्यात मीटरला 'लॉक' दाखवलं, कोणत्या दिवशी रीडिंग सुधारलं, मीटर कधी बदललं, हे कुठल्या कार्यालयातल्या कोणत्या नस्तीत आहे, हे आतल्याला दोन फोनमध्ये कळतं. बाहेरच्याला दोन महिने पत्रं लिहावी लागतील, आणि उत्तर येईल, 'आपल्या पत्रातील मजकूर सुस्पष्ट नाही.' तांत्रिक बाजू समजणारा सचिव भानावर असला, तर कंपनीचा गुळमुळीत खुलासा पहिल्या वाचनातच परत पाठवू शकतो.

तेव्हा प्रश्न बांधिलकीचा उरतो. त्या सचिवाचा गोपनीय अहवाल कोण लिहितं? कंपनीविरुद्ध दहा निकाल लागले, तर त्याची बदली कोण करतं? मंचाचा कार्यकाळ संपल्यावर तो ज्या टेबलावर परत जाणार आहे, तिथले साहेब कोण आहेत? त्याचा पगार कुणीही देवो. मंचावर असेपर्यंत त्याच्या कामाचा शेरा अध्यक्ष लिहिणार असतील आणि मुदतीआधी त्याला हलवता येणार नसेल, तर तो निम्मा मोकळा झाला. उरलेला निम्मा त्याच्या स्वभावावर.

केंद्राच्या २०२० अखेरच्या वीज ग्राहक हक्क नियमांनी तर मंचाचं प्रमुखपदच कंपनीच्या अधिकाऱ्याकडे दिलं, आणि सोबत ग्राहकांचे प्रतिनिधी व आयोगानं नेमलेला स्वतंत्र सदस्य ठेवला. काहींना यात कुंपणाची गोष्ट दिसते. मला ती अर्धीच पटते. अध्यक्ष उघडपणे कंपनीचा आहे हे सगळ्यांना दिसत असतं, म्हणून त्याच्याकडे सगळे डोळे लावून बसतात. टिपणी लिहिणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

चौकट: मंचाकडे जाताना

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. कोणते कागद कंपनीकडून मागवायला हवेत ते अर्जातच नावानं लिहावं: खात्याचा उतारा, मीटर तपासणी अहवाल, जागा पाहणीचा कागद. सुनावणीत कंपनीनं दिलेलं तोंडी उत्तर रोजनाम्यात घ्यावं, अशी तिथंच विनंती करावी. गाऱ्हाणं घडल्यापासून दोन वर्षं ही मंचाची मर्यादा. निकाल पटला नाही, तर विद्युत लोकपालाकडे जायला ६० दिवस. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत.

### शेवटचा रकाना

गिरणीवाल्याच्या बाजूनं निकाल लागला असं धरू. मंचानं बिल दुरुस्त करायला सांगितलं, जादा आकारणी रद्द केली. निकालाची प्रत जावक होऊन कंपनीच्या त्याच उपविभागात गेली, जिथून गोष्ट सुरू झाली होती. आता ती तिथल्या ट्रेमध्ये पडून राहिली तर? आदेश न पाळणं हा विद्युत अधिनियमाच्या कलम १४२ खाली दंडाचा विषय होऊ शकतो. दर उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला सहा हजारांपर्यंत. पण त्यासाठी आयोगाला आधी कळायला हवं, आणि कळायचं तर कुणीतरी लिहायला हवं, की अमुक तारखेपर्यंत पूर्तता झालेली नाही.

ते लिहायची जागा मंचाच्या नोंदवहीत असते. प्रकरण क्रमांक, ग्राहकाचं नाव, दाखल तारीख, निकाल तारीख, आणि सर्वांत उजवीकडं 'अनुपालन'. पानाच्या शिलाईपासून दूरचा, कोपरा घासून मळलेला रकाना.

पुढच्या महिन्याचं बिल येतं. ४१,००० तसेच, वर व्याज. गिरणीवाला पुन्हा त्याच फाटकातून आत शिरतो, मीटरांच्या ढिगाजवळून जिना चढतो. या वेळी तो अध्यक्षांच्या दालनाकडे बघतही नाही. दाराजवळच्या टेबलाशी थांबून निकालाची प्रत पुढं ठेवतो. लेखनिक नोंदवही उघडतो, त्याचं बोट ओळीवरून सरकत शेवटी येतं. रकाना कोरा आहे.

"इथं लिहा," गिरणीवाला म्हणतो, "आजची तारीख टाकून."